चारा टाकून ठेवलेल्या जागेवरची रविवार सकाळ (सायप्रिनस, मृगळ आणि चिलापीचा वैताग)

ऐरोली_तंगूस

गळ टाकणाऱ्या मंडळींमध्ये एक समज घट्ट बसलाय, की जागेवर आधी चारा टाकायचा म्हणजे दाबून टाकायचा, घमेलंभर पेंड ओतायची आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन जायचं. मला हे अजिबात पटत नाही. चारा थोडा टाका पण रोज टाका, आणि मुख्य म्हणजे रोज त्याच वेळेला टाका. परवाच्या रविवारी जे झालं त्यावरून हे लिहितोय, लांबलंय, चहा घेऊन बसा.

जागेचं नाव सांगणार नाही, व्यनित (खाजगी निरोपात) पण विचारू नका. महापेहून शीळफाटा ओलांडून पुढे गेलं की आत एका गावचा तलाव आहे एवढं पुरे. ठेका गावातल्या मच्छीमार सोसायटीकडे आहे, ते दरवर्षी बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) सोडतात, गळ टाकायला माणशी पैसे घेतात आणि रीतसर पावती देतात. पावती खिशात असली की काठावर कोणी येऊन 'ओ दादा कुठून आलात' केलं तरी आपण आरामात बसून राहायचं.

आता ऐरोलीत राहून रोज सकाळी चारा कोण टाकणार हा प्रश्न आहेच. माझा मित्र पम्या त्याच गावचा, सकाळी सातच्या आसपास म्हशी घेऊन तलावावर असतोच. त्याला आठवडाभराचा मका देऊन ठेवला आणि सांगितलं, जुन्या बांधाचे दगड जिथे पाण्यात उतरतात तिथून जलपर्णीच्या कडेला रोज दोन मुठी टाक, जास्त नको. तो म्हणे एवढ्याशाने काय होतंय, एका वेळी सगळंच टाकतो ना. त्याला शपथ घालावी लागली.

मका कसा ते पण सांगतो कारण नेहमी विचारतात. कोरडा मका पाण्यात टाकू नका, तो माशाच्या पोटात जाऊन फुगतो. एक अख्खा दिवस भिजवायचा आणि मग कुकरला नखाने दाबला की दबेल इतका शिजवायचा, ते शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, त्यातच चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा. दुसऱ्या दिवशी त्याला किंचित आंबूस वास येतो तो चांगला. पण त्याहून जास्त आंबला आणि फेस आला की टाकून द्या. रविवारच्या सकाळसाठी वेगळा चारा, शेंगदाण्याची पेंड रात्री भिजवलेली, त्यात गव्हाचा कोंडा आणि थोडा मका, एवढंच. लिंबाएवढे गोळे करायचे, पाण्यात पडल्यावर तळाशी जाऊन मग फुटले पाहिजेत, वरच फुटले तर सगळी चिलापी (तिलापिया) गोळा होते.

जागा निवडताना मी सगळ्यात जास्त वेळ खोली मोजण्यात घालवतो. गळाला जड शिसं अडकवायचं, फ्लोट (दोरीवरची तरंगणारी काडी) वर-खाली सरकवत राहायचं, टोक पाण्याच्या बरोबरीला आलं की खोली कळली. असं पुढे मागे, डावीकडे उजवीकडे करत गेलं की तळाचा नकाशा डोक्यात तयार होतो. इथे चार फुटांवरून एकदम सातला उतार आहे आणि तो उतार जिथे संपतो तिथेच पम्याचा मका पडत होता. मासे उताराच्या कडेकडेने फिरतात, सपाट तळावर नुसता चारा पसरून ते कधी येतील याची वाट बघावी लागते.

पोचलो तेव्हा अंधारच होता, साडेसहाला गळ पाण्यात. आणि मग काहीच नाही. पाऊण तास फ्लोट ठोकल्यासारखा उभा. सोबत आलेला एक भाऊ (पहिल्यांदाच आलेला) म्हणाला जागा बदलू या का, मी म्हटलं बस गप. हिरव्या पाण्याच्या तलावात पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, रात्रभर शेवाळं, मासे, गाळ सगळेच तो वापरत असतात आणि बनवणारं कोणी नसतं. ऊन पडून शेवाळं कामाला लागल्याशिवाय मोठा मासा खायच्या मूडमध्ये येत नाही. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून मिटक्या मारताना दिसतात ना, ती भूक नसते, दम लागलेला असतो. त्यामुळे 'भल्या पहाटे मासे लागतात' हे वाहत्या नदीला ठीक, गावतळ्याला नेहमी लागू पडेल असं नाही.

सव्वासातला पम्या म्हशी घेऊन आला आणि जवळपास लगेचच फ्लोटच्या डाव्या बाजूला बुडबुडे यायला लागले. बारीक बारीक, एका ठिकाणाहून, मग हातभर पुढे, मग अजून पुढे. गाळात तोंड खुपसून चरणारा मासा असेच बुडबुडे सोडत जातो. त्यांची वेळ झाली होती, आठवडाभर याच वेळेला इथे मका पडत होता, मी काय वेगळं केलं नव्हतं.

फ्लोट मोरपिसाच्या काडीचा, घरी केलेला, टोकाला लाल नेलपॉलिश. शिसाचे दोन मणी वर आणि एक अगदी बारीक मणी गळापासून चार बोटांवर, तो तळाला टेकलेला. गळावर मक्याचे दोन दाणे. आधी टोक थरथरलं, म्हणजे अंगाला घासून गेला, ओढायचं नाही. मग फ्लोट बुडायच्या ऐवजी वर यायला लागला. हळूहळू, दोन बोटं, तीन बोटं, पांढरा भाग दिसला आणि मग आडवाच झाला पाण्यावर. नवखा माणूस इथे फ्लोट का आडवा झाला म्हणून बघत बसतो. माशाने दाणे तोंडात घेऊन डोकं वर केलं, तळाचा मणी उचलला गेला, फ्लोटवरचं वजन कमी झालं, म्हणून तो वर आला. तीच वेळ. मी मनगटाने नुसता उचलला आणि दांडी वाकली ती सरळ जलपर्णीकडे.

सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. दांडी पाण्याला समांतर धरून बाजूला ओढत राहिलो, वर ओढलं असतं तर झाडात गेलाच असता. जाळीत घेतला तर पाठीच्या पंखाचा पहिला काटा जाळीत अडकला, तो करवतीसारखा असतो, घाईत सोडवायला गेलं तर बोट फाटतं. वजनकाट्यावर सव्वादोन किलो भरला. त्यानंतर तासाभरात दोन मृगळ, किलोच्या आतबाहेर, आणि एक काहीतरी मोठं लागलं ते दगडाखाली घुसून तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) तोडून गेलं. कटला असावा असं भावाचं म्हणणं, दिसला नाही तोवर सगळे कटलेच असतात.

साडेनऊनंतर चिलापी. हाताएवढी पण नाही, कणीक लावली की चोखून साफ, मका लावला की टोचून टोचून दाणा फाडतात. दहाला धुणंवाल्या बायका आल्या, आम्ही आवरलं.

एक मृगळ पम्याच्या घरी, बाकी सोडले. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आधीच चेपून ठेवतो त्यामुळे सोडायला त्रास होत नाही.

काठावरचा_काका

छान लिहिलंयस रे. आमच्या लहानपणी घणसोलीकडे सगळी भातशेती होती, बाबा गरवायला जायचे तेव्हा बांबूची काठी आणि भेंडाचा तुकडा, बस. चारा म्हणजे गिरणीतला भाताचा कोंडा आणि शिळा भात, ते पण संध्याकाळी भांडी घासायला आई तळ्यावर जायची तेव्हा खरकटं तिथेच पडायचं. मासे बरोबर त्या पायरीशी यायचे, त्याच वेळेला. तू म्हणतोस ते घड्याळाचं एकदम खरं.

पण मिरगाच्या पहिल्या पावसात जी वलगण चढायची त्याची मजा वेगळीच, ओढ्याने मासे वर शेतात, गळ बिळ काय नाय, हाताने. आता शेतंच नाय तर वलगण कुठली.

हिरवळ_नेरूळ

लेख आवडला पण एक आक्षेप नोंदवते. तलावात रोज धान्य आणि पेंड टाकणं हे प्रदूषणच आहे ना? आमच्या इथल्या तलावावर लोक माशांना पाव घालतात, शेवेचं पाकीट रिकामं करतात, पुण्य मिळतं म्हणे. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार होतं आणि एखाद्या ढगाळ सकाळी मासे मरून वर. मग पेपरात फोटो आणि सगळे विचारणार कोणी विष टाकलं.

ऐरोली_तंगूस

@हिरवळ आक्षेप शंभर टक्के मान्य आणि म्हणूनच म्हणतोय थोडा चारा. न खाल्लेली पेंड तळाशी कुजते, कुजताना ऑक्सिजन खाते आणि वर शेवाळ्याला खत. ज्या जागेवर घमेलंभर पेंड पडली तिथे दोन दिवसांनी गाळाला सडका वास येतो आणि मासेच ती जागा सोडतात, म्हणजे गळवाल्याचंच नुकसान आधी. दोन मुठी मका तासाभरात साफ होतो. साफ झाला की नाही हे पम्या दुसऱ्या दिवशी बांबूला चाळणी बांधून बघायचा, दाणे उरले असतील तर त्या दिवशी टाकायचा नाही. आणि पाव तर टाकूच नका कोणी, तो वर तरंगतो, चिलापी खाते, उरलेला काठाला जाऊन आंबतो.

निशाचर_ठाणे

तलावपाळीला किंवा उपवनला असं करता येईल का? घरापासून दहा मिनिटांवर आहे. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये मरायची इच्छा नाही.

काठावरचा_काका

बाळा, बोटिंग चालतं तिथे, वर फिरायला येणारी गर्दी, मागे गळ फिरवलास तर कोणाच्या तरी कानात जाईल. आणि पालिकेचा तलाव म्हणजे आधी विचारायचं, ठेका कोणाकडे, परवानगी आहे का.

ऐरोली_तंगूस

+१ काका. शिवाय विसर्जनाच्या तलावांमध्ये तळाला काय काय अडकलेलं असतं, गळ गेला की गेलाच. मोरबे तर आपलं नवी मुंबईचं पिण्याचं पाणी, तिकडचा विचारच नको. वाशी-नेरूळचे जे होल्डिंग पाँड आहेत तिथे भरतीचं पाणी आत येतं, तिथे रोहू-मृगळ शोधू नका, बोय मिळेल.

मंजिरी_कोपरखैरणे

अगदी बाळबोध प्रश्न. रोहू, कटला, मृगळ हे ओळखायचे कसे? बाजारात सगळ्यालाच रोहू म्हणून देतात. आणि हे तलावात आपोआप वाढत नाहीत का, दरवर्षी सोडावे का लागतात?

गाळात_पाय

मत्स्यशेतीत काम करतो म्हणून मी उत्तर देतो. तोंड बघा. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वरच्या बाजूला वळलेलं, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहूचं तोंड किंचित खाली, ओठ जाड आणि कडेला झालरीसारखे, तो मधल्या थरात. मृगळ सडपातळ, रुंद तोंड, तळाशी. सायप्रिनसला तोंडाच्या दोन्ही बाजूंना मिळून चार मिशा. त्यामुळे धागाकर्त्याने तळाला मका ठेवल्यावर सायप्रिनस आणि मृगळ लागले यात नवल नाही, कटला हवा असेल तर फ्लोट खाली सरकवून चारा अधांतरी ठेवावा लागेल.

दुसरं, रोहू-कटला-मृगळ ही नदीची जात. पावसाळ्यात पूर आला की वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात वाढतात पण वीण होत नाही. पूर्वी नदीतून बीज गोळा करून आणायचे, त्यात कुठले कुठले मासे मिसळलेले. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलीकुन्ही यांनी पियुषिका (मेंदूखालच्या) ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन ओडिशात अंगुलला या माशांची वीण करून दाखवली, तेव्हापासून हवं तेव्हा शुद्ध बीज मिळायला लागलं. १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन असतो तो याचाच. सायप्रिनसला मात्र असलं काही लागत नाही, झाडाझुडपाला अंडी चिकटवतो आणि मोकळा होतो. चिलापीचं तर विचारूच नका, मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून कितीतरी वेळा. १९५२ साली बाहेरून आणली आपल्याकडे, आता तलाव तिचाच.

निशाचर_ठाणे

म्हणजे चिलापीला कंटाळून उपयोग नाही 😀 तिच्यापासून वाचायला काय करायचं पण? मी कणकेत हिंग घालतो, बाबांनी शिकवलेलं, पण तळाला जायच्या आत गळ मोकळा.

ऐरोली_तंगूस

हिंग चांगलाच, फक्त चण्याच्या डाळीएवढा, जास्त झाला तर कडवट होतो. कणीक मळताना त्यात कापसाचे तंतू पिंजून घाल, गोळा गळाला धरून राहतो, चोखून लगेच निघत नाही. आणि तळाला लवकर पोचायला शिशाचे मणी एकत्र खाली आण, विखुरलेले असले की चारा डुलत डुलत जातो आणि वाटेतच चिलापीच्या तोंडी. शेवटचा उपाय म्हणजे काठाजवळ एका बाजूला भुसभुशीत कोंडा टाकून चिलापीला तिकडे गुंतवायचं आणि आपण लांब मोठ्या दाण्यावर बसायचं. अर्धा तास तरी मिळतो.

गळाचा नंबर पण बघ. नंबर वाढला की गळ लहान होतो, दुकानात बरेच जण उलटा घेऊन येतात. मक्याच्या दोन दाण्यांना मी आठ नंबर वापरतो.

कोलशेतची_सून

सगळे पकडण्यावरच बोलतायत, खाण्यावर कोणीच नाही! तळ्याच्या माशाला जो गाळाचा वास येतो त्याने आमच्या घरी कोणी हात लावत नाही, खाडीचाच हवा. सासूबाईंची पद्धत अशी, मासा सोलून पोटातलं काळं अस्तर नखाने खरवडून पूर्ण काढायचं, रक्ताची शिर काढायची, मग तुकड्यांना हळद-मीठ आणि चिंचेचा घट्ट कोळ लावून अर्धा तास. ते पाणी फेकायचं, परत धुवायचा, आणि मग नेहमीचं आलं-लसूण-कोथिंबीर-मिरची वाटण. वास ऐंशी टक्के जातो. मृगळाला बारीक काटे फार, त्याला आडव्या चिरा जवळजवळ देऊन कडक तळला की काटे जाणवत नाहीत.

गाळात_पाय

सासूबाई बरोबर आहेत. तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, निळंहिरवं शेवाळं आणि मातीतले काही जिवाणू ते तयार करतात, माशाच्या चरबीत साठतं. आंबट पदार्थाने ते मोडतं म्हणून चिंच, लिंबू, कोकम काहीही चालतं. जिवंत मासा काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवला तरी जातो, आमच्याकडे विक्रीच्या आधी तसंच करतो.

काठावरचा_काका

चिंच नाय तर कैरीची फोड. उन्हाळ्यात तेच.

कार्बनवाला

सगळ्यांनी छान लिहिलंय, एक सूचना राहिली. आजकाल सगळ्यांकडे कार्बनच्या टेलिस्कोपिक दांड्या असतात, बारा-पंधरा फुटी. कार्बनमधून वीज वाहते. कळवा ते शीळ, महापे पट्ट्यात हायटेन्शनच्या तारा तलावांवरून, शेतांवरून गेलेल्या आहेत. दांडी उभी धरून चालू नका, तारेला लागायची पण गरज नसते, नुसती जवळ गेली तरी उडी मारते. जागा निवडताना आधी वर बघा मग पाण्यात. विजा चमकत असतील तर दांडी खाली ठेवून काठ सोडा, मासा लागलेला असला तरी.

ऐरोली_तंगूस

@कार्बनवाला हे फार महत्त्वाचं, वरच्या लेखात घालायला हवं होतं. तुटलेला तंगूस पण काठावर टाकू नका लोकहो, पाणकावळ्याच्या पायात गुंडाळलेला बघितलाय, हाल होतात. मी जुन्या पाण्याच्या बाटलीत कोंबून घरी आणतो.

मंजिरी_कोपरखैरणे

मला आणि माझ्या दहा वर्षांच्या लेकीला एकदा यायचंय. पोहता येत नाही दोघींना. चालेल का आणि काय आणू?

ऐरोली_तंगूस

ताई नक्की या. लेकीला लाइफ जॅकेट हवंच, माझ्याकडे लहान मापाचं आहे. बांधाच्या दगडांवर शेवाळं असतं, त्यामुळे तिकडे नाही, पलीकडे धुण्याच्या घाटाशेजारी उथळ काठ आहे तिथे बसू. तिला मोठी दांडी देऊ नका, सहा फुटी बांबू, बारीक गळ आणि गांडूळ, चिलापी दर दोन मिनिटाला लागेल, तिला तेच आवडेल. पम्याला या आठवड्यात परत मका चालू करायला सांगतो. तुम्ही टोपी, पाणी आणि पावतीचे सुट्टे पैसे आणा, तिथे नेटवर्क येत नाही त्यामुळे जीपे चालत नाही.

निशाचर_ठाणे

मी पण येतो, शीळफाट्याचं ट्रॅफिक गेलं खड्ड्यात. कापूस कुठला चालतो, मेडिकलमधला की वातीचा?

ऐरोली_तंगूस

वातीचा. मेडिकलचा ओला झाला की गोळा होऊन बसतो, पिंजला जात नाही.